उंबऱ्याचं ऋण

शके १९४२ हे वर्ष पंचांगात तेरा महिन्यांचं होतं. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला, पुढे आश्विन अधिक निघाला आणि नवं वर्ष लागलं ते थेट १३ एप्रिल २०२१ ला. पहिल्या पाडव्याच्या आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली होती. पुढच्या पाडव्याच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी राज्यात पुन्हा संचारबंदी जाहीर केली. या दोन गुढ्यांमधलं लांबलेलं वर्ष आपल्यापैकी पुष्कळांनी घरात काढलं. दरवर्षी चैत्र जवळ आला की मला ते वर्ष आठवतं आणि त्याच्या मागोमाग एक प्रश्न येतो. आपण तेव्हा घरी राहू शकलो, ते कोणाच्या जिवावर?

राज्यातले करोनाचे पहिले दोन रुग्ण आमच्या पुण्यातच सापडले. तारीख ९ मार्च २०२०, होळीचा दिवस. त्यांना दाखल केलेल्या नायडू रुग्णालयाचं नाव एका रात्रीत घराघरात पोचलं. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन होता. १८९७ साली याच तारखेला सावित्रीबाई प्लेगने गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळरानावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनाही लागण झाली. होळीनंतर चारच दिवसांनी, १३ मार्चला, राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. तो कायदाही १८९७ चा, त्याच प्लेगच्या वेळी केलेला.

प्लेगच्या काळात लोकांना घर सोडावं लागे. घरात उंदीर मरून पडला की माणसं गाव मोकळं करून शिवारात झोपड्या घालून राहत. पुण्यात घरं तपासायला गोरे सोल्जर आत शिरत. त्या जाचाचा संताप इतका साठला की २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. सव्वाशे वर्षांनी आपल्याला नेमकं उलटं सांगण्यात आलं: घर सोडू नका. जंतू वेगळा, त्याची वाट वेगळी, म्हणून उपायही उलटा. एक गोष्ट मात्र दोन्ही साथींत सारखीच राहिली. बहुतेक माणसं रोगापासून लांब जातात, तेव्हा काही माणसांना रोगाच्या दिशेने जावं लागतं. लांब गेलेल्यांचा जीव वाचतो तो त्या थोड्यांमुळे. सावित्रीबाई अशाच रोगाच्या दिशेने गेल्या होत्या. २०२० मध्ये तशी माणसं गल्लोगल्ली होती आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नव्हती.

त्या वर्षी पहाटे जाग यायची ती दाराबाहेरच्या आवाजांनी. आधी दुधाच्या पिशव्या ठेवल्याचा, मग थोड्या वेळाने कचऱ्याच्या बादल्या उचलल्याचा. पुण्यात दारातला कचरा न्यायला 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या बायका येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ही संस्था निघाली. टाळेबंदीत रस्ते ओस पडले, पेठांमधल्या गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, पण या बायकांचं काम थांबलं नाही. वापरलेला मास्क आपण दोन बोटांनी धरून बादलीत टाकत होतो आणि लगेच हात धूत होतो. तोच मास्क पुढे त्यांच्या हातांतून जात होता.

मुंबईची लोकल २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून थांबली. १५ जूनला ती पुन्हा धावली, तीही अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती. मधल्या जवळजवळ तीन महिन्यांत परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार विरारहून, पनवेलहून, बदलापूरहून रुग्णालयांत पोचत होते ते बेस्टच्या आणि एसटीच्या बसने. त्या बस चालवणारे चालक आणि तिकीट काढणारे वाहकही कोणाच्या तरी घरची माणसं होती. राजस्थानात कोटा इथे शिकायला गेलेली आपली मुलं अडकली, तेव्हा त्यांना आणायला धुळ्याहून एसटीच्याच बस गेल्या. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायलाही तीच एसटी होती.

गावोगावी आशाताई फिरत होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा त्यांनी दारोदार जाऊन ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, घरात कोणाला मधुमेह आहे, कोणाला दमा आहे हे लिहून घेतलं. काही ठिकाणी त्यांना पाणी विचारलं गेलं, काही ठिकाणी दारसुद्धा उघडलं गेलं नाही. सरकारच्या लेखी आशाताई या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. ज्यांनी महाराष्ट्राची दारं ठोठावून महाराष्ट्राची तब्येत सांभाळली, त्यांना जून २०२१ मध्ये आपल्या मोबदल्यासाठी संप करावा लागला. ही गोष्ट मला आजही टोचते.

आणि अन्न? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरलं, असं सरकारने तेव्हा जाहीर केलं. कारखाने, बांधकाम, व्यापार, वाहतूक, सगळं खाली गेलं. त्या पडझडीत शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. याचा साधा अर्थ असा की शेतकरी घरी बसला नव्हता. बाजार बंद पडले, द्राक्षं वेलीवर राहिली, टोमॅटोला उठाव नव्हता, ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तरी मृग लागला तसे लोक पेरणीला उतरले. आपल्या ताटात त्या वर्षी भाकरी कमी पडली नाही, ती याच माणसांमुळे.

उंबऱ्याबाहेरच्या या माणसांबद्दल बोलताना उंबऱ्याच्या आतही डोकावून पाहावं लागतं, कारण प्रत्येकाचं घर सारखं नव्हतं. 'घरी राहा, सुरक्षित राहा' ही घोषणा करताना घर म्हणजे खोल्या, खिडक्या, नळाला पाणी आणि स्वतःचा संडास असं गृहीत धरलं गेलं. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. एका खोलीत सहा माणसं असतील, तर अंतर कोणी कोणापासून ठेवायचं? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ताची पाहणी झाली. झोपडवस्तीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्याच प्रभागांतल्या इतर वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होतं. शहर एक, नियम एक, टाळेबंदी एक. फरक होता तो घरांचा.

धारावीची गोष्ट म्हणूनच आठवणीत ठेवण्यासारखी आहे. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला. दहा बाय दहाच्या खोल्या आणि सार्वजनिक शौचालयं यांच्यावर जगणाऱ्या त्या वस्तीला 'घरी राहा' हा उपाय पुरणारच नव्हता. तेव्हा महापालिकेचे लोक आणि वस्तीतलेच खासगी डॉक्टर घराघरांत गेले, संशयितांना शाळांत आणि सभागृहांत हलवलं, तिथे त्यांची जेवणाखाण्याची सोय केली, शौचालयं पुन्हा पुन्हा धुतली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं उदाहरण जगापुढे ठेवलं. घर अपुरं पडतं तिथे समाजाला घर व्हावं लागतं, हे धारावीने करून दाखवलं.

जिथे समाज तसा उभा राहिला नाही, तिथे काय झालं तेही विसरता कामा नये. टाळेबंदी लागली आणि ज्यांचं घर हजार किलोमीटरवर होतं ते चालू लागले. काम गेलं होतं, खोलीचं भाडं थकलं होतं, गाडी नव्हती. मुंबई-आग्रा महामार्गावर कसाऱ्याच्या घाटात बायाबापड्या पोरं खांद्यावर घेऊन चढत होत्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळच्या दिशेने निघाले. तिथून गावाकडे गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. रेल्वे बंद आहे असं समजून ते रुळांवरच टेकले आणि तिथेच त्यांना झोप लागली. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या चपात्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. त्यांनाही घरीच जायचं होतं. त्या वर्षी घरी राहणं आणि घरी पोचणं यांच्यामध्ये किती अंतर होतं, ते त्या रुळांनी आपल्याला सांगितलं.

आता घराच्या आत. आमच्या घरात त्या वर्षी सगळे सगळा वेळ होते. यजमानांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, मुलाची शाळा आतल्या खोलीत, सासूबाईंचं देवपूजेचं आणि औषधाचं वेळापत्रक नेहमीप्रमाणे. कामाला येणाऱ्या मावशींचं येणं बंद. इमारतीतल्या सगळ्या बायका एकच गोष्ट सांगत होत्या: भांडी संपत नाहीत. घरात माणसं वाढली नव्हती, माणसांचं घरात असणं वाढलं होतं आणि त्याचा भार एकाच्याच हातांवर येत होता. वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली होती. तिचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये, या सगळ्याच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झाला. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष होतेच मुळी २६ टक्के. हे साथ येण्यापूर्वीचे आकडे. टाळेबंदीत पुष्कळ पुरुषांनी पहिल्यांदाच पाहिलं की स्वयंपाकघर सकाळी सहाला उघडतं आणि रात्री अकराला मिटतं. काहींनी पाहून पोळपाट हातात घेतला. काहींनी नुसतं पाहिलं.

काही घरांत तर याहून कठीण होतं. एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढू लागल्या आणि आयोगाला व्हॉट्सअॅपवर वेगळा क्रमांक सुरू करावा लागला, कारण मारणारा माणूस समोरच बसलेला असताना फोनवर बोलणं शक्य नव्हतं. ज्या बाईला माहेरी जाता येत नव्हतं, शेजारी निघून जाता येत नव्हतं, कामाच्या निमित्ताने चार तास मोकळा श्वासही घेता येत नव्हता, तिच्यासाठी बंद दाराचा अर्थ सुरक्षितता असा नव्हता.

मुलांचं वर्ष कसं गेलं, हे तर आपण अजून नीट मोजलेलंच नाही. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. एका घरात एक फोन आणि तीन मुलं, अशी कितीतरी कुटुंबं होती. सिंधुदुर्गात पशुवैद्यक शिकणाऱ्या एका मुलीला घरी नेटवर्क मिळेना, तेव्हा भावांनी तिला डोंगरावर झोपडी बांधून दिली आणि भर पावसात तिने तिथे बसून तास केले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे आणि गणितं रंगवून घेतली. ज्यांच्याकडे फोन नव्हता, ती मुलं भिंत वाचत शिकली. शाळेची इमारत बंद होती, पण शिकवण्याची इच्छा असलेला माणूस बंद झाला नव्हता.

इथवर लिहिलेलं वाचून घरी राहिलेल्यांनी काहीच केलं नाही, असं कोणाला वाटेल. ते खरं नाही. घरी राहणं हेसुद्धा त्या वर्षी एक देणं होतं, आणि काहींनी ते मोठ्या मोलाने दिलं. आळंदी आणि देहूहून पंढरीला पायी जाणारी वारी त्या वर्षी निघाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैची आषाढी मोजक्या लोकांच्या उपस्थितीत झाली. ज्याने उभ्या आयुष्यात वारी चुकवली नाही, त्या वारकऱ्याने आपल्या ओटीवर बसून टाळ वाजवला. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं शिबिर घेतलं. पुण्याच्या मानाच्या गणपतींचं विसर्जन मिरवणुकीशिवाय झालं. गर्दी हेच ज्यांचं वैभव, त्या उत्सवांनी गर्दी सोडली. कोणा अनोळखी म्हाताऱ्याला लागण होऊ नये म्हणून आपला देव घरात ठेवणं, याला मी भक्तीच म्हणेन.

मृत्यूसमोर मात्र हे देणं अनेकांना फार जड गेलं. अंत्ययात्रेला वीसच माणसं, आणि करोनाने गेलेल्याच्या वाट्याला तीही नाहीत. माझ्या आत्याचं निधन त्या पावसाळ्यात झालं. तिचा मुलगा अमेरिकेत होता. विमानं नव्हती. आईचा शेवटचा चेहरा त्याने फोनच्या पडद्यावर पाहिला, आणि आम्ही इथे असूनही त्याच्याइतकेच दूर होतो. अशा वेळी महापालिकेचे कर्मचारी आणि स्वयंसेवक त्या प्लास्टिकच्या पोशाखात उभे राहून अग्नी देत होते. पुण्या-मुंबईत मुस्लिम तरुणांच्या गटांनी हिंदू मृतांचे अंत्यसंस्कारही त्यांच्या रिवाजाप्रमाणे केले. नात्याची माणसं पोचू शकली नाहीत तिथे नातं नसलेली माणसं पोचली. आपल्या घरच्या मृताला कोणी खांदा दिला, हे ज्यांना अजून माहीत नाही, अशी घरं महाराष्ट्रात थोडी नाहीत.

मग जानेवारी आला. १२ जानेवारी २०२१ ला पुण्याजवळच्या मांजरीहून लसीचे पहिले ट्रक विमानतळाकडे निघाले. १२४ वर्षांपूर्वी, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपल्या प्लेगच्या लसीची सुई आधी स्वतःला टोचून घेतली होती. १६ जानेवारीपासून देशात लसीकरण सुरू झालं आणि रांगेत पहिला मान दिला गेला तो डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशाताई यांना. एरवी समाजाच्या रांगेत सफाई कामगार शेवटी असतो. त्या दिवसांत तो पहिला होता, आणि ते योग्य होतं. त्या वर्षात माणसांचे जे क्रम आपण लावले, त्यांतला हा क्रम मला सर्वांत न्यायाचा वाटतो.

तो क्रम टिकला का? २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या आणि टाळ्या वाजवल्या. त्यामागची भावना खरी होती, मला त्याबद्दल शंका नाही. पण थाळी वाजवून ऋण फिटत नाही. लिफ्ट पुन्हा सुरू झाली तशी काही इमारतींत 'कामवाल्यांनी जिना वापरावा' ही पाटीही राहून गेली. ज्या मावशींना आपण महिनोन्महिने येऊ दिलं नाही, त्यांतल्या कितीजणींना त्या महिन्यांचा पगार मिळाला? काही घरांनी तो शेवटच्या रुपयापर्यंत दिला आणि काही घरांनी पहिल्या महिन्यातच बंद केला. दोन्ही प्रकारची घरं एकाच मजल्यावर होती. ज्यांनी दिला, त्यांच्याकडे काही पैसा जास्त होता असं नाही. आपण घरात सुरक्षित आहोत ते कोणीतरी बाहेर आहे म्हणून, एवढं त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. शेजारून वाटीभर साखर आणली, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. त्या वर्षी आपण शेजाऱ्यांकडून फार काही आणलं: कोणाचं धाडस, कोणाची झोप, कोणाचं आयुष्य. ती वाटी अजून आपल्याच ओट्यावर आहे.

काय भरून परत करायचं, हे शोधायला लांब जावं लागत नाही. घरी कामाला येणाऱ्या बाईला आठवड्याची एक हक्काची सुट्टी द्या आणि तिच्या आजारपणाचे पैसे कापू नका. सकाळी दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंचं नाव विचारा आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्या, कारण तो वेगळा न केल्याचा त्रास त्यांच्याच बोटांना होतो. आशाताई दारात आल्या तर त्यांना बसायला सांगा, आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न निघेल तेव्हा त्यांच्या बाजूने बोला. मत मागायला येणाऱ्याला आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात किती खाटा आहेत, किती परिचारिकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे विचारा. आपल्या शहरात बाहेरगावाहून आलेल्या मजुराला राहायला जागा आणि रेशनवर धान्य मिळतं का, तेही विचारा. आणि घरातल्या पुरुषांनो, त्या वर्षी पाहिलेलं स्वयंपाकघर विसरू नका.

पुढची साथ कधी येईल ते कोणालाच सांगता येणार नाही, पण ती येईल तेव्हाही सगळ्यांना घरात राहता येणार नाही. कोणालातरी बाहेर जावंच लागेल. जो बाहेर जाईल त्याच्या घरातलं पाणी, पगार, औषध आणि मान याची जबाबदारी आपली, एवढं आजपासून ठरवू या. येत्या पाडव्याला गुढी उभारण्याआधी, त्या वर्षी आपल्यासाठी बाहेर राहिलेल्या एका तरी माणसाच्या घरी जा आणि त्याला विचारा: तुमच्यासाठी मी काय करू?